पणजोबांनी इटलीतली नेमकी कुठली नदी ओलांडली? (सेनिओ, एप्रिल १९४५)

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विचारणारे कांदिवलीचे, मूळ गाव महाडकडचं. पणजोबा मराठा पलटणीत होते, लढाईहून परत आल्यावर परळला गिरणीत लागले. घरात आजतागायत सांगतात की इटलीत जर्मनांच्या गोळ्या चालू असताना त्यांनी नदी पोहून पार केली आणि व्हिक्टोरिया क्रॉसवाले (ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक) नामदेव जाधव तेव्हा त्यांच्यासोबत होते. हाताशी आहे ते एवढंच, एक ताऱ्याच्या आकाराचं पदक रिबिनीसकट आणि एक फोटो, ज्यात दंडावर पानासारखी काहीतरी खूण दिसते. येत्या एप्रिलात इटलीची तिकिटं काढलीयत आणि विचारतायत की गोष्ट खरी का, आणि खरी असेल तर नेमकं कुठे जाऊन उभं राहायचं.

मी मुंबईतल्या आणि कोकण, सातारा, नगरकडच्या घरांसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचा माग काढून द्यायचं काम बरीच वर्षं करतोय. गिरणगावातल्या कितीतरी घरांत एक भाऊ गिरणीत आणि एक पलटणीत असं होतं, त्यामुळे अशा गोष्टी मुंबईत खूप आहेत, फक्त कागद नाहीत. आणि त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो, "खरं की खोटं" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. खरा प्रश्न आहे "कुठली नदी". कारण इटलीतली सगळी लढाईच नद्यांची होती. देशाच्या मधून डोंगराचा कणा गेलाय, त्यातून नद्या निघून पूर्वेच्या समुद्राला जातात, आणि आपली फौज पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेला सरकत होती, म्हणजे प्रत्येक नदी आडवी. बिफेर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो, नंतर पश्चिम अंगाला कासिनोजवळ गारी, पुढे परत पूर्वेला सावियो, रोंको, लामोने, सेनिओ, सांतेर्नो. माणूस घरी आल्यावर नातवंडांना यातली एकेक नदी वेगळी करून सांगत बसत नाही, तो म्हणतो "आम्ही नदी पार केली". वीसतीस वर्षांनी ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्या सगळ्यांची एकच नदी होते, आणि मग त्या एका नदीला सगळ्यात गाजलेल्या माणसाचं नाव चिकटतं. यात कोणी खोटं बोललेलं नसतं.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे? बटालियनच्या नंबरावर. "मराठा पलटण" एवढ्यावर काही ठरत नाही, कारण तेव्हाच्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या वेगवेगळ्या बटालियन वेगवेगळ्या वाटेने इटलीत पोचल्या. पहिली बटालियन, लिहिताना १/५, जिला जंगी पलटण म्हणतात आणि जी १७६८ साली कंपनी सरकारने मुंबई बेटाच्या रक्षणासाठी उभी केली होती, ती आठव्या इंडियन डिव्हिजनच्या २१ ब्रिगेडमध्ये होती (काही बटालियन मिळून ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन). नामदेव जाधव याच पलटणीचे. तिसरी, ३/५, दहाव्या डिव्हिजनमध्ये. यशवंत घाडगे, माणगावचे, तेही व्हिक्टोरिया क्रॉसवाले, त्या पलटणीचे, १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. तो सगळा डोंगराळ मुलूख, आणि त्यांची लढाई मशिनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून जाण्याची होती, नदी ओलांडण्याची नाही. दुसरी बटालियन, काळी पांचवी, तिची हकिगत वेगळीच आहे, ती जून १९४२ मध्ये तोब्रुकला जर्मनांच्या हाती सापडली आणि तिथले कैदी इटलीत नेले, आवेझ्झानोला हिंदी कैद्यांची मोठी छावणी होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर अशा छावण्यांतून बरेच जण निसटले आणि डोंगर, नद्या तुडवत दोस्तांच्या फौजेपर्यंत पोचायला निघाले. म्हणजे समजा तुमचे पणजोबा दुसऱ्या बटालियनचे निघाले तर "इटलीत नदी पार केली" हे अगदी खरं असू शकतं, पण ती हल्ल्यातली नदी नसेल, पळून येतानाची असेल. माझ्या मते ती कहाणी काही कमी प्रतीची नाही, पण त्यासाठी तुम्ही इटलीच्या भलत्याच भागात जायला हवं. म्हणून आधी नंबर.

पदकाकडे या. तारा म्हणताय, तर रिबिनीचे रंग बघा, उन्हात नेऊन बघा कारण घरातल्या पिवळ्या दिव्याखाली जुने रंग फसवतात. मधोमध हिरवा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा आणि कडेला लाल असेल तर तो इटली स्टार. गडद निळा, लाल, फिकट निळा असे तीन पट्टे असतील तर तो १९३९-४५ स्टार, त्याने इटली सिद्ध होत नाही. वाळूच्या रंगावर मधे लाल पट्टा असेल तर आफ्रिका स्टार, आणि मग काळी पांचवीची शक्यता डोक्यात ठेवायला हवी. आणि एक अडचण मी प्रत्येक वेळी बघतो, रिबीन विटली की घरातलं कोणीतरी दुसऱ्या पदकाची रिबीन त्याला लावतं, म्हणून ताऱ्याच्या मधल्या गोलाभोवती कोरलेली अक्षरंही वाचा, तिथे त्या ताऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. मागच्या बाजूला आणि कडेला काही कोरलेलं आहे का तेही बघा, आकडा दिसला तर तो लष्करी नंबर असू शकतो. घासू नका, पॉलिश लावू नका, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरपा पाडून फोटो काढा. पण इटली स्टार निघाला तरी त्याने एवढंच कळेल की माणूस जून १९४३ ते मे १९४५ या काळात त्या आघाडीवर होता. स्वयंपाकी, मोटार ड्रायव्हर, आघाडीवरचा शिपाई, सगळ्यांना तोच तारा.

फोटोतलं पान मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आठव्या डिव्हिजनची खूण क्लोव्हरच्या पानांची होती. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ती तीच असावी असं वाटतं, फोटो नीट स्कॅन केल्यावर खात्रीने सांगता येईल. ती असेल तर ३/५ जवळपास बाद झाली आणि जंगी पलटणीची शक्यता बरीच वाढली. जवळपास म्हणतोय, कारण डिव्हिजनमध्ये मराठे फक्त एकाच पलटणीत होते असं नव्हे, आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्येही मराठी माणसं भरपूर, आणि नदीवर पूल बांधणारा सॅपर नदीशी पायदळाइतकाच जोडलेला असतो.

तिसरी खूण म्हणजे गोष्टीतले बारीक तपशील. घरात जे कोणी सगळ्यात वयस्कर आहेत, आजी, मोठे काका, आत्या, त्यांच्याजवळ बसा आणि "कुठली नदी" असं विचारूच नका, नाव त्यांना माहीत नसणार आणि तुम्ही सुचवलंत तर ते हो म्हणतील. विचारा की थंडी होती का, पाऊस होता का, रात्र होती का, होडी होती का, आग होती का. पाऊस, चिखल आणि पुराने वाहून गेलेले पूल असं काही आलं तर ते नोव्हेंबर १९४३, सांग्रो. पूल "उलटा", शत्रूच्या काठावरून बांधला असं कोणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका, डिसेंबर १९४३ मध्ये मोरो नदीवर अलीकडच्या काठाला रस्त्याचं वळण इतकं अडचणीचं होतं की आठव्या डिव्हिजनच्या सॅपर्सनी सामान पलीकडे नेऊन खरोखर तिकडून इकडे बेली पूल (तयार लोखंडी भाग जोडून उभारायचा पूल) ढकलला, "इम्पॉसिबल ब्रिज" म्हणून तो ओळखला जातो. मध्यरात्र, धुकं, धूर आणि होड्या असतील तर ११ मे १९४४, गारी नदी, पण तिथे पहिल्या फळीत १७ आणि १९ ब्रिगेड होत्या, जंगी पलटणीची २१ ब्रिगेड मागे राखीव होती. आणि नदीच्या बांधावर आग लागली होती, पाण्यासारखी आग उडत होती असं काही निघालं, तर ती सेनिओ, ९ एप्रिल १९४५. आगीचा हा तपशील ज्यांनी बघितला नाही त्यांना सहसा सुचत नाही, म्हणून मी तो फार मोलाचा मानतो.

आता सेनिओबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमची नदी हीच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, आणि ती जागा डोळ्यासमोर नीट आणल्याशिवाय "नामदेव जाधवांच्या सोबत होते" या वाक्याचा अर्थच लावता येत नाही.

सेनिओ काही मोठी नदी नाही. डोंगरातून उतरते, उत्तर इटलीतल्या रोमान्या भागाच्या सपाट शेतीतून, कोतिन्योला, लुगो, फुझिन्यानो, अल्फॉन्सीने अशा गावांजवळून जाते आणि रेनो नदीला मिळते. पाण्याची रुंदी आपल्याकडच्या माणसाला नदी म्हणायला संकोच वाटेल एवढीच. पण या मैदानात नद्या गाळ आणून पात्र उंच करत जातात, म्हणून शेतं वाचवायला दोन्ही बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घातलेत, जाधवांच्या पदकाच्या नोंदीप्रमाणे ३०-३५ फूट उंच, रेल्वेचा भराव असतो ना तसे, उभ्या उताराचे. आजूबाजूला सगळं सपाट, आणि मधे हे दोन बांध. १९४४ च्या डिसेंबरच्या शेवटी दोस्तांची आठवी आर्मी इथे येऊन थांबली, दारूगोळा कमी, चिखल भरपूर, आणि अख्खा हिवाळा आघाडी तिथेच गोठली. जर्मनांनी नुसता पलीकडचा बांध धरला नव्हता, त्यांनी अलीकडच्या बांधाच्या आतल्या, म्हणजे पाण्याकडच्या अंगाला सुद्धा खड्डे आणि भुयारं खणून मशिनगन बसवल्या होत्या. म्हणजे एकाच बांधाच्या बाहेरच्या उतारावर आपले आणि आतल्या उतारावर जर्मन, मधे फक्त मातीची जाडी. दोन्हीकडचे लोक माथ्यावरून एकमेकांवर हातबॉम्ब टाकायचे. आठवी डिव्हिजन फेब्रुवारी १९४५ मध्ये या आघाडीवर आली, म्हणजे जंगी पलटणीने हल्ल्याच्या आधी हे असं जगणं बरेच आठवडे काढलंय, आणि घरातल्या गोष्टींत हा काळ कुठेच येत नाही, सगळे फक्त हल्ल्याबद्दल बोलतात. तुमच्या आत्याबाईंना हेही विचारा.

९ एप्रिलला दुपारी ८२५ अवजड बॉम्बफेकी विमानांनी सेनिओच्या मागचा पट्टा भाजून काढला. मग ३ वाजून २० मिनिटांपासून संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांपर्यंत तोफांचे पाच मारे, प्रत्येक अर्ध्या तासाचा, आणि मधेमधे लढाऊ विमानं. दर वेळी तोफा थांबल्या की जर्मनांना वाटायचं आता पायदळ येणार, ते वर यायचे, आणि परत मारा सुरू. शेवटी आग ओकणाऱ्या गाड्या आणि रणगाडे बांधापाशी गेले आणि माथ्यावर आगीचे लोळ टाकले, विमानं शेवटची झेप बॉम्ब न टाकता नुसतीच घेऊन गेली जेणेकरून जर्मनांची डोकी खालीच राहावीत, आणि त्या संधिप्रकाशात आठवी इंडियन आणि न्यूझीलंडची डिव्हिजन उठली, त्यांच्या डावीकडे पोलंडची फौज.

आता नामदेव जाधवांचं काय झालं ते, पदकाच्या अधिकृत नोंदीप्रमाणे. ते शिपाई होते आणि कंपनीचे (कंपनी म्हणजे बटालियनमधली एक तुकडी) रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, त्यामुळे कंपनी कमांडरच्या अगदी जवळ. कमांडरसोबतची ती छोटी तुकडी पाण्यात असताना पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगातून किमान तीन मशिनगन सुरू झाल्या. पूर्वेचा बांध म्हणजे अलीकडचा, आपला! आपली माणसं तोच बांध चढून, उतरून पाण्यात गेली होती, आणि गोळ्या येत होत्या त्या मागून. कमांडर आणि दोघं जखमी झाले, जाधव सोडून बाकीचे सगळे ठार. जाधवांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, उभ्या चढणीवरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं, परत आले, दुसऱ्याला नेलं. मग तिसऱ्यांदा तो उघडा बांध ओलांडून सगळ्यात जवळच्या ठाण्यावर धावले आणि टॉमी गनने ते बंद पाडलं. हाताला जखम झाली, गन चालवता येईना, ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. आणखी दोन ठाणी त्यांनी अशी संपवली, मधे बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर आले आणि पलीकडच्या उताराला आडोसा घेऊन असलेल्या आपल्या सोबत्यांकडून नवे बॉम्ब घेऊन गेले. आणि सगळ्या मशिनगन थांबल्यावर तोफगोळे पडत असताना माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना देत उरलेल्यांना हात करून पुढे बोलावलं. त्याच रात्री, त्याच नदीवर, फुझिन्यानोजवळ अली हैदर या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळालाय. ११ एप्रिलच्या पहाटेपर्यंत फौज पुढच्या सांतेर्नो नदीला भिडली होती, आणि २ मे ला इटलीतल्या जर्मन फौजेची शरणागती अमलात आली.

हे वाचून तुमच्या गोष्टीकडे परत बघा. पाण्यातल्या त्या तुकडीत जाधवांशिवाय धडधाकट कोणीच उरलं नाही. पणजोबांना गोळीची जखम नव्हती असं घरातले म्हणत असतील तर ते त्या तुकडीत नव्हते, एवढं मी बऱ्यापैकी ठामपणे म्हणेन. पण त्याने "सोबत होते" खोटं ठरत नाही! बांधाच्या बाहेरच्या उतारावर, जिथून हातबॉम्ब पुढे गेले, तिथे माणसं होती. माथ्यावरून हाक आल्यावर जी उठली ती माणसं होती. दोन कंपन्या त्या दोन बांधांवर गुंतल्या होत्या, त्यातल्या कोणालाही घरी येऊन "मी नामदेव जाधवांच्या सोबत होतो" म्हणायचा पूर्ण हक्क आहे. आणि हाताला, पायाला जुनी जखम होती असं निघालं तर मात्र तपास वेगळ्या दिशेने जाईल, तेव्हा हे नक्की विचारा.

"पोहून" या शब्दावर फार अडू नका. सेनिओत लोक मुख्यतः चालत, पाण्यात बुडत-सावरत गेले. सांगताना त्याचं पोहणं होतं.

कागदांचं सांगतो. डिस्चार्ज सर्टिफिकेट घरात शोधा, पत्र्याच्या ट्रंकेत नाही तर देवघराच्या खणात किंवा जमिनीच्या सातबाराच्या फायलीत सापडतं, मला बहुतेक वेळा तिथेच मिळालंय. त्यावर लष्करी नंबर आणि युनिट असतं. तो नंबर घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नात्याचा पुरावा जोडा. इथे परिस्थितीवर खूप अवलंबून आहे, पेन्शन चालू होती तर कागद असण्याची शक्यता चांगली, १९४६ च्या सुमाराला सेवामुक्त होऊन गिरणीत गेले असतील आणि पेन्शन नसेल तर अशांचे कागद मुदत संपल्यावर नष्ट करतात. तरी लाँग रोलमध्ये (पलटणीच्या शिपायांच्या नावांची नोंदवही) एखादी ओळ मिळते का हे स्पष्ट शब्दांत विचारा, नाहीतर "रेकॉर्ड उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येतं. महाडचे असल्याने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, अलिबाग इथेही एक अर्ज टाका. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या साइटवर पणजोबांचं नाव शोधू नका, तिथे फक्त मृतांची नावं आहेत आणि ते तर परत आले. पण तिथे १/५ मराठाचे ९ आणि १० एप्रिल १९४५ ला पडलेले शिपाई जरूर शोधा, बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव-जिल्हा असतो. महाड-पोलादपूरच्या बाजूचं कोणी सापडलं आणि ते नाव आजीने कधी ऐकलेलं निघालं, तर तो पुरावा मला कुठल्याही पदकापेक्षा जवळचा वाटेल. वर्तमानपत्रांत वेळ घालवू नका, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्या काळचे अंक चाळता येतात पण साध्या शिपायाचं नाव पदक मिळाल्याशिवाय छापून येत नसे.

प्रवासाचं. बटालियनचा पत्ता लागायच्या आधी जायची वेळ आली तर हे करा. फोर्लीला हिंदी सैन्याची युद्धसमाधी आहे, बोलोन्याहून रिमिनीकडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावर, तिथे पहिला दिवस द्या. आतमध्ये दहनाचं स्मारक आहे, ज्यांना अग्नी दिला अशा साडेसातशेहून जास्त हिंदी सैनिकांची नावं त्यावर आहेत, आणि आपली मराठी माणसं बहुतेक तिथे सापडतील, थडग्यांच्या रांगांत नाही. थडगी बघून परत फिरलेले लोक मला भेटलेत, म्हणून मुद्दाम सांगतोय. अल्फॉन्सीनेला सेनिओच्या लढाईचं स्वतंत्र संग्रहालय आहे, जायच्या आधी त्यांना ईमेल करा आणि जंगी पलटणीचा, १/५ मराठाचा उल्लेख करा. ३/५ निघाली तर मात्र बेत बदला आणि पेरूजाजवळच्या मोन्तोनेला जा, तिथे जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलंय.

नदीवर जाताना लुगो स्टेशनला उतरून सरळ बांधावर जाऊ नका, लुगो पश्चिमेला आहे, म्हणजे तेव्हाची जर्मनांची बाजू. बान्याकावाल्लोकडून, पूर्वेकडून या. पदकाच्या नोंदीत जागा "सान पोलितोच्या उत्तरेला" अशी दिलीय, तिथल्या लोकांना विचारून तो पट्टा नक्की करा. भुयारं, खड्डे काही दिसणार नाहीत, बांध नंतर दुरुस्त झालेत. आधी बाहेरच्या उताराच्या पायथ्याशी थांबा, मग चढा, माथ्यावरून आत पाण्याकडे उतरा आणि तिथून वळून मागे बघा, गोळ्या कुठून आल्या ते तेव्हाच कळतं. फोटोचा स्कॅन, पदकाच्या दोन्ही बाजू आणि आजींनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत टाइप करून इथे टाका, जायच्या आधी आपण बटालियन नक्की करून घेऊ.